सहाशे फेरे

मे महिन्यात मी पहाटे साडेतीनला वाचते.
त्याआधी खोली निवत नाही,
त्यानंतर दूधवाल्याची फटफटी येते.
मधल्या दीड तासात कूलर बंद, पंखा बंद,
खिडकीला सतरंजी,
आणि टेबलाखाली माझा कॉम्प्युटर,
सोनेगावच्या धावपट्टीवर
उडायची परवानगी मागत उभा.

राज्यशास्त्र, तिसरं सेमिस्टर, प्रकरण चौथं.
'सार्वभौमत्व म्हणजे' इतकं म्हणून मी थांबले
की त्या थांबण्यात तोच बोलतो: घूं.
नंतर सॉफ्टवेअरने घूं पुसायला जावं
तर माझ्या 'स'चे काठही झिजतात,
मी विहिरीतून शिकवतेय असं वाटतं.

सीताबर्डीत, मोबाइलच्या काचांच्या दुकानांमागे
जिना चढून एक माणूस बसतो.
आडनाव निखारे. धंदा थंडाव्याचा.
मी हसले तर म्हणाला, सगळेच हसतात,
ठेवा डबा इथं.

त्याने झाकण काढलं.
सहा वर्षांची मानेवाड्याची धूळ
जाळीवर नमद्यासारखी बसलेली,
तिच्यात एक मुंगी, एक केस, माझाच, तेव्हाचा काळा.
नख लावलं तर अखंड सोलून निघाली.
"मॅडम, हा बिचारा गोधडी पांघरून मे काढून राहिला,
बोंबलणार नाही तर काय करणार?"

चिपवरची पेस्ट वाळून
पानाच्या डबीतला चुना झाली होती.
ती त्याने स्पिरिटने पुसली,
वाटाण्याएवढी नवी ठेवली.
फासायची नाही म्हणाला, दाबाने आपोआप पसरते.
मग तळहाताएवढा जुना पंखा काढला.
"लहान पातं लय पळते, लय ओरडते.
मोठं लावा, हळू फिरवा. हवा तितकीच."
पुढून आत, मागून बाहेर,
स्क्रूऐवजी रबराच्या खुंट्या,
म्हणजे थरथर पत्र्यापर्यंत पोचत नाही.
अठ्ठावीसशे रुपये, आणि वर फुकटचा सल्ला:
कूलरच्या तोंडासमोर ठेवू नका,
ओल आत जाते.

त्या पहाटे बटण दाबलं
आणि मला वाटलं, बिघडलं.
वाकून बघितलं. पातं फिरत होतं,
मिनिटाला सहाशे फेरे,
जेवणानंतर अंगणात शतपावली घातल्यासारखं.
चिपचं तापमान एकसष्ट. खोलीचं चौतीस.

शांतता झाली असं नाही.
मागे उभे असलेले बाकीचे आवाज पुढे आले.
फ्रिज. हार्ड डिस्कचं दाणे टिपणं.
कूलरच्या ताट्यांतून ठिबकणारं उरलंसुरलं पाणी,
वरच्या मजल्यावरच्या वाघमाऱ्यांचा खोकला,
'त' म्हणताना माझ्याच दातांमागे होणारा
ओला टिचका.
इतकी वर्षं हे सगळं त्या घूंच्या पदराखाली.
चौथं प्रकरण मी तीनदा वाचलं,
दोनदा स्वतःला ऐकून अडखळले.

पायल उईकेला फाइल पाठवली.
ती डोळ्यांनी वाचत नाही,
वसतिगृहाच्या गच्चीवर बसून ऐकते, दीडपट वेगाने.
संध्याकाळी तिचा निरोप आला, बोलून पाठवलेला:
"मॅडम, मस्त साफ आलं.
पण काहून हो, तुम्ही घर बदललं का?
आधी तुम्ही बोलायच्या अगोदर
तो आवाज यायचा ना, घूं घूं,
मी म्हणायची, आल्या, बसल्या,
आता पान उलटतील.
आता तुम्ही एकदम सुरूच होता.
दचकायला होते."

जुना पंखा ड्रॉवरमध्ये आहे,
वायर गुंडाळलेली.
मी तो काढला, बोटाने एकदा फिरवला,
परत ठेवला.

पाचव्या प्रकरणाला
लाल बटण दाबलं आणि लगेच वाचलं नाही.
खुर्ची ओढली.
पाण्याचा घोट घेतला, ग्लास टेबलावर ठेवला,
ठेवल्याचं ऐकू जाईल असा.
चष्म्याच्या काड्या उघडल्या.
पान उलटलं.

मग म्हटलं, प्रकरण पाचवं.